माग थांबला की रेघ पडते

"सर, तुम्ही शेवटची कधी प्यायलात?"

हा प्रश्न माझा नव्हता. मुस्कान आणि साक्षी या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती की शर्वाणी बुगड कितीही तोंड चालवत असली तरी पिक्चरमधल्या दारुड्याला हे विचारायची तिची टाप नाही. दोघी आमच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीमागं तोंडात ओढण्या कोंबून उभ्या होत्या. मी हातात वही घेऊन सहस्रबुद्धे सरांच्या समोर.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते सांगलीच्या पोस्टातून रिटायर झालेले आणि चाळीस वर्षं हौशी नाटकांत कामं केलेले. पिक्चरमधला दारू पिणारा बाप तेच होते.

"मी?" ते म्हणाले. "बाळ, मला चहासुद्धा बाधतो. सरबत घेतो, तेही बिनबर्फाचं."

टाकीमागून फिस्सकन आवाज आला. मी एक दाबेली जिंकले. पण कॅमेऱ्यामागं बसलेल्या रेवतीताईंना हसू आलं नाही. त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "तरीच."

याला दोन वर्षं झाली. आता मी दहावीत आहे, तेव्हा आठवीची परीक्षा नुकतीच संपली होती. सातवीपर्यंत मी वर्गात हात वर न करणारी मुलगी होते. आठवीत चुकून वक्तृत्वाच्या स्पर्धेत नाव गेलं, चुकून पहिला नंबर आला, आणि त्यानंतर मला कुणी गप्प करू शकलं नाही. अशा काळात घरात पिक्चरचं शूटिंग आलं, म्हणजे बघा.

पिक्चरचं नाव 'आतली कडी'. गोष्ट एवढीच, की दारूपायी घरातून गेलेला बाप बऱ्याच वर्षांनी परत येतो आणि मुलगी दार उघडत नाही. रेवतीताई मूळच्या कोल्हापूरच्या, लग्नांची शूटिंगं करायच्या. हा त्यांचा पहिला पिक्चर. माणसं एकूण सात, दिवस नऊ, घर एक, आणि ते आमचं. आमच्या नात्यातल्या एका लग्नात त्यांनी आमचं हिरवं दार बघून ठेवलं होतं. शिवाय त्या पप्पांच्या मालकांच्या सुनेची मैत्रीण. पप्पा सायझिंगमध्ये सुपरवायझर आहेत. सायझिंग म्हणजे मागावर चढवायच्या सुताला खळ लावतात तो कारखाना. मालकांकडून फोन आला की पप्पा उभं राहून बोलतात.

"कसला पिक्चर आहे?" त्यांनी विचारलं होतं.

"कौटुंबिक," रेवतीताई म्हणाल्या.

"मग चालेल," पप्पा म्हणाले.

पहिल्याच दिवशी मी रेवतीताईंना सांगितलं की मघाशी तालमीत हिरोइनच्या वेणीला काळं रबर होतं, आता लाल आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, एक वही दिली आणि म्हणाल्या, "आजपासून तू कंटिन्युइटी." काम असं की प्रत्येक वेळी काय कुठं होतं ते लिहून ठेवायचं. कपात चहा किती, चपला कुठल्या दिशेला, पंखा चालू की बंद. दारूच्या ग्लासात कोरा चहा असायचा, त्याची पातळी मी पट्टीनं मोजायचे. पिक्चर नंतर कोल्हापुरात एका छोट्या हॉलमध्ये दाखवला. चौसष्ट माणसं होती, तीही मी मोजली.

पण पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही शॉट झाला नव्हता. इम्रानदादा आवाजाचं काम बघायचे. त्यांनी कानावरचे हेडफोन काढले आणि विचारलं, "हे काय वाजतंय?"

आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.

"हे! खटाखट, खटाखट!"

"ते होय," मम्मी म्हणाली. "माग आहेत."

इचलकरंजीत मागाचा आवाज पाहुण्यांनाच ऐकू येतो. इम्रानदादा म्हणाले, लांबचे चालतील, पण भिंतीपलीकडचे बंद केल्याशिवाय काही होणार नाही.

"पलीकडं कोण आहे?" रेवतीताईंनी विचारलं.

"माझा भाऊ," पप्पा म्हणाले. "आमचं बोलणं नाही." पाणी एक दिवसाआड येतं, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

अंगणाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत आहे. ती मी पहिलीत असताना बांधली. अलीकडं आम्ही, पलीकडं नंदूकाका आणि त्यांचे चार माग. काका दारू प्यायचे, माझ्या पाचव्या वाढदिवसाला पिऊन आले, दारात शिव्यांचा तमाशा केला, पप्पांनी कडी घातली, आणि तिथून बोलणं संपलं. एवढं मला माहीत होतं. त्या दिवसाचं मला फक्त टीव्हीवर मोठ्या आवाजात लागलेलं कार्टून आठवतं. पुढं काकांनी दारू सोडली म्हणून गल्लीत बोलायचे. पप्पा म्हणायचे, दाखवायला असतं ते.

"मी जाते विचारायला," मी म्हणाले.

मम्मीनं पप्पांकडं बघितलं. पप्पांनी घड्याळाकडं बघितलं आणि डब्याची पिशवी उचलून ड्यूटीला निघून गेले. ती परवानगी आहे असं मी ठरवलं.

काकांच्या शेडमध्ये मी जन्मात गेले नव्हते. बनियनवर, भुवयांवर कापसाचं पांढरं. मला बघून त्यांनी काहीच केलं नाही. नुसते बघत राहिले.

"काका, माग बंद करता का? शूटिंग आहे!" मी ओरडले.

एकेक करत त्यांनी चारही बंद केले. शेवटचा थांबला तेव्हा माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"कट म्हणेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"ते कुणालाच माहीत नसतं."

"बरं."

आम्ही ठरवलं की मी भिंतीवर लाल टॉवेल टाकला की माग बंद, काढला की चालू. त्यांनी का, कशाला, कोणी सांगितलं, काही विचारलं नाही. जाताना फक्त म्हणाले, "उंच झालीस."

दोन दिवस असे गेले. टॉवेल वर, टॉवेल खाली. आवाजाचं जमलं, पण सहस्रबुद्धे सरांचं जमेना. प्यायलेला माणूस म्हणजे त्यांच्या मते झोकांडी, उचकी आणि एक डोळा अर्धा मिटलेला. रेवतीताई म्हणाल्या, "सर, थोडं कमी." सरांनी पाच उचक्यांच्या तीन केल्या. "सर, अजून कमी." मग उचक्या गेल्या आणि झोकांड्या वाढल्या. तिसऱ्या दिवशी मी पैजेचा तो प्रश्न विचारला, आणि रेवतीताई "तरीच" म्हणाल्या, ते तेव्हा.

त्याच दुपारी टॉवेल काढून मी पलीकडं गेले. तोंडात अजून तोच प्रश्न घोळत होता. पैज संपली होती, तरी विचारला.

"काका, तुम्ही शेवटची कधी प्यायलात?"

काका मागात धोटा बसवत होते. सूत घेऊन इकडून तिकडं पळतं ते लाकडी टोकदार, त्याला धोटा म्हणतात. तो हातातच राहिला.

"तुमच्या शाळेची ट्रिप पन्हाळ्याला गेली बघ, त्या दिवशी. तू दुसरीत होतीस."

"तुम्हाला काय माहीत आमची ट्रिप?"

"एसटी स्टँडपाशी तुमची गाडी सिग्नलला थांबलेली. तू खिडकीतनं डोकं भाईर काढून ओरडालतीस."

"आणि तुम्ही?"

"मी गटारीच्या कडेला बसलेलो."

"मग?"

"तू हात केलास. मला वाटलं, मलाच केलास."

मी आठवायचा प्रयत्न केला. मला ट्रिप आठवत होती, डब्यातल्या पुऱ्या आठवत होत्या. हात कुणाला केला ते नाही.

"दुसऱ्या कुणाला केला असशील," काका म्हणाले. "पण मी उठलो." मग त्यांनी धोटा बसवला आणि एकदम म्हणाले, "तुमचा तो मास्तर लई हलतोय."

"तुम्हाला काय दिसतंय हितनं?"

"दिसायला कशाला पायजे? माग बंद असतोय माझा, सगळं ऐकू येतंय. पाय घासालाय, भांडी पाडालाय. प्यालेला माणूस असं करत न्हाई. आपण प्यालो न्हाई हे दाखवायला त्याचा जीव चाललेला असतोय. ताठ चालतोय. एकेक शब्द मोजून बोलतोय. त्याला सांग, हलायचं न्हाई म्हणून जोर लाव."

मी धावत आले आणि रेवतीताईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी सहस्रबुद्धे सरांना सांगितलं. सर ताठ उभे राहिले, भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरापर्यंत आले आणि सावकाश म्हणाले, "मला एक पेला पाणी मिळेल काय?" इम्रानदादांनी हेडफोनवर हात दाबून धरले.

"हे तुला कुणी सांगितलं?" रेवतीताईंनी मला विचारलं.

"सुचलं," मी म्हणाले.

एकच शब्द होता. पुढचे पाच दिवस तो पुरला. रेवतीताईंनी जाहीर केलं की पिक्चरच्या शेवटी नावं येतात त्यात माझं नाव दोनदा येणार. एकदा कंटिन्युइटी, आणि एकदा अभिनय मार्गदर्शन, शर्वाणी बुगड. साक्षी म्हणाली, "शर्वे, आता तू आम्हाला ओळख तरी दे." मुस्काननं तिच्या अम्मीला सांगितलं, अम्मीनं गल्लीला. सहस्रबुद्धे सर प्रत्येक शॉटच्या आधी माझ्याकडं बघायचे आणि विचारायचे, "गुरुमाउली, काय करू?" मला लई भारी वाटायचं.

आणि मी रोज पलीकडं जायचे.

"काका, प्यायलेला माणूस बायकोशी कसा बोलतो?"

"सुरवातीला लई आदबीनं. अहो-जाहो करतोय. 'तुमचं जेवण झालं का?' म्हणतोय. बायको तिथंच ओळखती."

"आणि खोटं बोलताना?"

"खोटं बोलताना किरकोळ गोष्टी खऱ्या सांगतोय. बस कितीला आली, कंडक्टर कसा होता."

हे सगळं मी वहीत लिहायचे आणि अलीकडं येऊन मला सुचायचं.

पाचव्या दिवशी काकांनी मागावरून उतरवलेलं कापड खिडकीपाशी उजेडात धरलं. "हितं ये. काय दिसतंय?"

पांढरं कापड. आधी काही दिसलं नाही. मग दिसलं, आडव्या बारीक रेघा, काही जवळजवळ, काही लांब.

"माग थांबला की रेघ पडते," ते म्हणाले. "परत चालू करताना पहिला धागा सारखा बसत न्हाई. ही बघ, ही तुमची सोमवारची शूटिंग."

मी वही उघडली. सोमवारी टॉवेल अकरा वेळा टाकला होता. कापडावर रेघा मोजल्या. अकरा.

"ह्या सात एकापाठोपाठ आहेत, त्या कसल्या गं?"

"तो 'दार उघड' म्हणतो तो शॉट. सात वेळा घेतला."

"व्हय. ऐकलं मी."

"हे कापड घेतील काका? रेघांचं?"

"बघू," ते म्हणाले आणि घडी घातली.

आठव्या दिवशी संध्याकाळी रेवतीताईंनी सगळ्यांना गोल बसवलं. उद्या शेवटचा आणि मुख्य सीन. मुलीच्या वाढदिवसाला बाप भर दुपारी पिऊन दारात येतो आणि आतून कडी असते. "सरांनी शिव्या द्यायच्या की रडायचं, मला अजून ठरवता येत नाही," त्या म्हणाल्या. "शर्वाणी, तुला काय वाटतं?"

"सकाळी सांगते," मी म्हणाले.

सकाळी सात वाजता मी पलीकडं होते. काका चहा पीत होते. सीन सांगितला. वाढदिवस, दुपार, कडी. मी नवा पेन काढून वही उघडून बसले. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे लिहून ठेवते, कारण नंतर मला खूप जणांनी विचारलं की तुला तेव्हा कळलं कसं नाही. नाही कळलं. मी उत्तर मिळायची वाट बघत होते.

काकांनी कप खाली ठेवला.

"शिव्या देत न्हाई तो," ते म्हणाले. "रडत पण न्हाई. आधी कोपऱ्यावरच्या नळावर तोंड धुतो. केस वले करून हातानं बसवतो. हातात केकचा डबा हाय, तो दोन्ही हातानं धरतो. दारात आल्यावर चपला काढतो, आणि त्या निघायच्या दिशेनं ठेवतो. म्हणजे मी थांबायला आलो न्हाई, असं."

"थांबा, थांबा. निघायच्या दिशेनं. हं."

"कडी वाजवत न्हाई. एका बोटानं दार वाजवतो. 'हाय का कोण?' म्हणतो. आत टीव्ही ऐकू येतोय, पोरं ऐकू येत्यात, तरी 'हाय का कोण' म्हणतो."

"मग?"

"मग कोण येत न्हाई. मग तो पायरीवर बसत न्हाई, पायरीच्या बाजूला बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं कुणाची तरी वाट बघालाय. ऊन असतंय. डबा सावलीत ठेवतो. ऊन सरकलं की डबा सरकवतो. केक हाय ना, पाघळतो. डबा सरकवतो, आपण तिथंच बसतो."

"म्हणजे स्वतः उन्हात?"

"सावली एवढीशीच असती दाराची. डब्यापुरती."

मी भराभर लिहिलं. "किती वेळ बसतो?"

"सावली संपेपर्यंत."

"आणि मग?"

"मग डबा तिथं ठेवून जातो." काका उठले आणि माग पुसायला लागले. "सांग त्यास्नी. तुझं म्हणूनच सांग."

माझा पेन थांबला.

"भिंतीवरनं ऐकू येतंय की," ते म्हणाले. "शर्वाणीला काय काय सुचतंय म्हणून. असू दे. माझं नाव आलं तर करणार न्हाईत. पप्पा असतो का आज घरात?"

"सुट्टी आहे त्यांची. असतील."

"बरं," काका म्हणाले.

बारा वाजता आमच्या हिरव्या दारासमोर सगळे जमले. बेकरीतून खरा केक आणला होता. पप्पा कॅमेऱ्याच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मालकांची सून येऊन जाईल असा निरोप होता. मम्मी सरबताचा ट्रे घेऊन शेजारी उभी. मी भिंतीवर लाल टॉवेल टाकला. माग थांबले.

"ॲक्शन," रेवतीताई म्हणाल्या.

सहस्रबुद्धे सर आले. केस ओले. डबा दोन्ही हातांत. त्यांनी चपला काढल्या, वाकून उलट्या फिरवल्या, निघायच्या दिशेनं. एका बोटानं दार वाजवलं. "आहे का कोण?" थांबले. परत एका बोटानं. मग पायरी सोडून बाजूला बसले, डबा दाराच्या सावलीत ठेवला आणि बोटानं जरासा आत सरकवला. थोड्या वेळानं ऊन डब्याच्या कडेला लागलं. सरांनी डबा सरकवला. स्वतः हलले नाहीत. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला, तो त्यांनी पुसला नाही.

खुर्ची करकरली. इम्रानदादांनी मागं न बघता हात वर केला, गप्प म्हणून. तरी पप्पा उठले.

"कुणी सांगितलं हे?"

"कट!" रेवतीताई ओरडल्या. "दादा, टेक चालू होता!"

"डबा सरकवायचं कुणी सांगितलं?"

रेवतीताईंना वाटलं कौतुक चाललंय. त्या हसल्या. "तुमच्या मुलीनंच. सगळं तिचंच आहे. हुशार आहे हो तुमची शर्वाणी."

सगळे माझ्याकडं बघत होते. टाकीपाशी मुस्कान आणि साक्षी पण. पप्पांचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं. रागावलेलं नव्हतं. सापडल्यासारखं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं आणि माझं नाव दोनदा आलं असतं.

"मला नाही सुचलं," मी म्हणाले. "काकांनी सांगितलं. पहिल्यापासून सगळं काकांनीच सांगितलंय."

"त्याला आठवतंय?" पप्पा म्हणाले. माझ्याशी नाही, असंच. "सगळं?"

"काय आठवतंय?" मम्मीनं विचारलं. "कसला डबा?"

पप्पा शर्टाची कॉलर नीट करायला लागले.

"अहो, कसला डबा? शर्वूच्या वाढदिवसाला नंदूभावजी केक घेऊन आले होते?"

"हं."

"तुम्ही तर म्हणाला होता, शिव्या देत होते."

"मालक बसले होते घरात," पप्पा म्हणाले. "पहिल्यांदाच आले होते आपल्याकडं. हा प्यालेला. काय करू?"

"मी म्हटलं टीव्ही मोठा लावा, पोरांच्या कानावर नको पडायला," मम्मी म्हणाली. "मी स्वयंपाकघरातच होते. मला कुठं काय ऐकू आलं? आणि ते गप्प बसले होते?"

"चार वाजेपर्यंत."

"तुम्हाला काय माहीत, चार वाजेपर्यंत?"

पप्पांनी दाराशेजारच्या खिडकीकडं बघितलं. तिथं हिरवी जाळी आहे, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. ते मला माहीत होतं, त्याच जाळीमागं आम्ही कॅमेरा ठेवायचो.

मम्मीनं ट्रे खाली ठेवला. जमिनीवरच. "आणि केक? केकचं काय केलंत?"

"टाकला."

सहस्रबुद्धे सर अजून उन्हातच बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "रेवती, मी उठू काय?"

तेव्हा माझं लक्ष भिंतीकडं गेलं. टॉवेल तिथंच होता. पलीकडं चार माग बंद होते.

पप्पांनी पण टॉवेल बघितला. मग ते आत गेले.

टेक परत घेतला, दोनदा. पिक्चरमध्ये पहिला आहे, पप्पांची खुर्ची करकरते तिथपर्यंतचा. इम्रानदादा म्हणाले, तो आवाज काढून टाकता येईल. रेवतीताई म्हणाल्या, राहू दे. मालकांची सून काही आली नाही. चार वाजता सगळे केबल गुंडाळायला लागले. मी रेवतीताईंपाशी जाऊन काही सांगितलं. त्यांनी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर खाडाखोड करून वर नवीन नाव लिहिलं आणि विचारलं, "नक्की? बघ हां, परत बदलणार नाही." मी नक्की म्हणाले.

मग टॉवेल काढला आणि पलीकडं गेले. माग तरीही चालू झाले नाहीत. काका बाकड्यावर बसले होते. मांडीवर कापडाची घडी.

"ऐकलं?" मी विचारलं.

"माग बंद होता," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं, पप्पा खिडकीत होते?"

"न्हाई." ते घडीवरून हात फिरवत राहिले. "मला वाटलेलं, आत सगळी जेवालीत. म्हटलं, कुणाला ऐकूच गेलं नसंल. एका बोटानं वाजवलं की मी."

मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. नऊ दिवसांत पहिल्यांदाच मला विचारायला काही नव्हतं. शेवटी विचारलं, "कसला केक होता?"

"अननसाचा. तुझं नाव घालून घेतलेलं वर. 'शर्वाणी'तला 'णी' त्याच्याकडनं बसंना, डब्याला लागला."

"परवा माझा वाढदिवस आहे."

"म्हाईत हाय."

"आणाल?"

काकांनी भिंतीकडं बघितलं. "पप्पाला विचार आधी."

"विचारणार नाही. सांगणार आहे."

घरात आले तेव्हा पप्पा सोफ्यावर बसले होते आणि मम्मी त्यांच्याकडं पाठ करून दुपारचे ग्लास विसळत होती. टीव्ही बंद होता. अंगणातून इम्रानदादांचा खोके उचलायचा आवाज येत होता. मी वही टेबलावर ठेवली. दोघांनी बघेपर्यंत थांबले. मग वक्तृत्वाला उभी राहते तशी उभी राहिले आणि म्हणाले,

"मम्मी, पप्पा, एक सांगायचंय. पिक्चरमध्ये अभिनय मार्गदर्शन म्हणून माझं नाव येणार होतं, तिथं नंदकुमार बुगड असं येणार आहे, मी सांगून आले. आणि परवा बारा वाजता काका अननसाचा केक घेऊन येणार आहेत. मालकांना बोलवायचं तर बोलवा. दाराशी मी बसणार आहे."